बोअरला पाणी लागलं, पुढं काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "सहा एकर कोरडवाहू वावर आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, डोक्यावर सावकाराचं कर्ज झालं. पुढच्या वर्षी मी विश्वासात आलो, ख्रिस्ती झालो. प्रार्थना करत गेलो तसं एकेक सुधारत गेलं. कर्ज फिटलं, बोअरला पाणी लागलं, गेल्या साली हप्त्यानं ट्रॅक्टर घेतला. त्याच्या काचेवर 'येशूचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं. मंडळीत आता मला पुढच्या सतरंजीवर बसवतात, पुढच्या महिन्यात मेळाव्यात साक्ष द्यायला, म्हणजे देवानं माझ्यासाठी काय केलं ते सांगायला, बोलावलंय. आई अजून विश्वासात आलेली नाही. ती म्हणते, 'तू पह्यले देवाले हात जोडत होता, आता ट्रॅक्टरले जोडतं.' घरातल्या मूर्ती तर मी कधीच काढल्या. मग आईच्या बोलण्यात काही तथ्य आहे का? आणि साक्षीत नेमकं काय सांगू?"

जय ख्रिस्त, भाऊ.

आधी तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. मी सत्तावीस वर्षं याच भागात पाळक आहे, चार गावांच्या मंडळ्या सांभाळल्या. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल तोंडावर खरं बोलणारी माणसं मला बहुतेक वेळा मंडळीबाहेरच भेटली. आतले लोक पास्टरला बोलत नाहीत. ट्रॅक्टरवाल्यालाही बोलत नाहीत, कारण नांगरटीला तोच लागतो.

आईच्या बोलण्यात तथ्य असू शकतं. किती, ते मी इथून सांगू शकत नाही, तुमचा ट्रॅक्टर मी पाहिलेला नाही. पण अशी गोष्ट कशी घडते ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण ती माझ्याकडून घडली आहे. ट्रॅक्टरच्या जागी माझ्याकडे बोअर होतं.

एका विश्वासणाऱ्या विधवा बाईच्या परसात बोअर मारायचं ठरलं. आपल्याकडचा खडक तुम्हाला माहीतच आहे, काळा, बेसाल्टचा. त्यात पाणी सगळीकडे सारखं नसतं. भेग असेल, दोन थरांच्या मधे भुसभुशीत पट्टा असेल, तिथंच ते साठतं. एका धुऱ्याच्या अलीकडे ऐंशी फुटांवर लागतं आणि पलीकडे तीनशे फूट जाऊनही नुसता धुराळा उडतो. म्हणून तर गावोगाव पाणाड्या लागतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरभर फिरतो, नारळ उभा झाला की तिथं खूण करतो. या बाईनं पाणाड्याला नको म्हटलं आणि मला बोलावलं. मी परसात उभा राहून प्रार्थना केली. तिथंच मशीन लावली. एकशेवीस फुटांवर पाणी लागलं.

बाई रडली, मीही रडलो. त्या रात्री तिच्या अंगणात गीतं झाली, पिठलं-भाकर झाली. इथपर्यंत काहीच चुकलेलं नव्हतं. आजही मी म्हणतो, ते पाणी देवानंच दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मला अकरा ठिकाणांहून बोलावणं आलं. त्यात विश्वासणारे होते तसे बाकीचेही होते. मी गेलो. "पास्टर, तुमी फक्त हात ठेवा, पानी तं लागनच," असं लोक म्हणत. सात ठिकाणी लागलं, चार ठिकाणी नाही. मेळाव्यांतून मी सात सांगायचो. चार कधी सांगितले नाहीत. कुणी मला खोटं बोलायला लावलं नव्हतं आणि मी खोटं बोलतही नव्हतो, फक्त मोजणी सातला थांबवत होतो. लोक मला 'बोअरवाले पास्टर' म्हणायला लागले. मी वरवर "नको, नको" म्हणायचो. आतून आवडायचं.

मग एक दिवस पाहतो तर त्या बाईच्या हातपंपाला चार कोसांवरची माणसं बाटल्या भरायला आलेली. आजारी माणसाला पाजायला, गाभण गाईला पाजायला. बाई बिचारी कुणाला नाही म्हणत नव्हती. मीही म्हटलं नाही. त्या पाण्यामुळं उपासनेला माणसं वाढत होती. दानपेटीही.

पाणाड्याचा नारळ आणि माझा हात यांत तोवर काय फरक उरला होता, सांगा. पाणाडी निदान आपली मजुरी उघड घेतो.

शास्त्रात, म्हणजे बायबलात, याचा दाखला आहे आणि तो मी पंधरा वेळा तरी शिकवला होता. रानात साप चावून लोक मरत होते तेव्हा मोशेनं देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप केला, खांबावर लावला. त्याच्याकडे जो पाही तो वाचे. गणनाच्या २१ व्या अध्यायात ही गोष्ट आहे. सगळे तिथंच थांबतात. पुढची गोष्ट राजांच्या दुसऱ्या पुस्तकात १८ व्या अध्यायात आहे, ती फार कुणी वाचत नाही. शेकडो वर्षांनी राजा हिज्कीया तोच साप फोडून टाकतो, कारण तोवर इस्राएल लोक त्याच्यापुढं धूप जाळत होते. कनानी लोकांची ती मूर्ती नव्हती. बाहेरून आलेली नव्हती. देवानं सांगितली, मोशेनं केली, तिच्यामुळं खरोखर माणसं वाचली. म्हणून तर ती कुणी फेकली नाही. ज्या वस्तूनं कधीच काही दिलं नाही तिच्यापुढं कोण शेकडो वर्षं धूप जाळेल?

आणि हिज्कीयाचंही पुढं वाचा. हा साप फोडणारा माणूस. मरणाच्या आजारातून उठला, पंधरा वर्षं आयुष्य वाढवून मिळालं. मग बाबेलहून माणसं भेटायला आली तेव्हा त्यांना त्यानं काय दाखवलं? सोनं, रुपं, मसाले, तेल, शस्त्रागार. भांडारातली एक वस्तू दाखवायची ठेवली नाही. ज्यानं बरं केलं त्याच्याबद्दल तो बोलला असेल तर शास्त्रात ते लिहिलेलं नाही.

तुम्ही म्हणता घरातल्या मूर्ती कधीच काढल्या. बरं. पण शास्त्रात मूर्तिपूजेबद्दल जो संताप आहे तो बहुतेक सगळा घरच्या माणसांवर आहे, ज्यांना खरा देव माहीत होता त्यांच्यावर. आपण मात्र ती वचनं शेजाऱ्याच्या मारुतीवर फेकायला वापरतो. गावात कपाशीची पहिली वेचणी करायच्या आधी लोक सीतादही करतात, वावरात दहीभात ठेवतात, झाडाला हात जोडतात. आपला एखादा पोट्टा नवीनच विश्वासात आलेला असतो, तो त्यावर हसतो. मी त्याला विचारतो, "त्यांनी वेचणीच्या आधी हात जोडले. तू वेचणी झाल्यावर वजनकाट्यापुढं उभा राहून काय करत होता?" तोंड उतरतं.

गिदोनाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची गोष्ट त्याच्याशी जास्त जुळते. शास्ते, अध्याय ६ ते ८. एका बैठकीत वाचून काढा. हा स्वतःच्या तोंडानं आपलं कूळ दरिद्री म्हणणारा पोरगा. मिद्यानी लोक पीक लुटून नेत, म्हणून तो द्राक्षं तुडवायच्या कुंडात लपून गहू झोडत होता. देवानं त्याला पहिलं काम सांगितलं ते बापाच्या घरची बआल या कनानी देवाची वेदी फोडायचं. त्यानं फोडली, पण रात्री, कारण घरच्यांची आणि गावकऱ्यांची भीती होती. मला हा माणूस त्यामुळंच जवळचा वाटतो. मग लढाई. ३२,००० माणसं जमली होती, देवानं कमी करत करत ३०० ठेवली, आणि कारणही उघड सांगितलं: नाहीतर इस्राएल म्हणेल, माझ्याच हातानं मला वाचवलं.

जिंकला. लोक म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर, तुझ्यानंतर तुझा मुलगा, मग नातू. गिदोन म्हणाला, मी नाही करणार, परमेश्वर तुमच्यावर राज्य करील. उत्तर एकदम बरोबर. मेळाव्यात कुणी असं उत्तर दिलं तर टाळ्या पडतील. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, एक मागणं आहे, लुटीतलं कानातलं एकेक कुंडल मला द्या. लोकांनी चादर पसरली, त्यावर खुशीनं टाकलं. १,७०० शेकेल सोनं जमलं. आजच्या मापानं एकोणीस-वीस किलोच्या घरात. त्याचं त्यानं एफोद केलं. एफोद म्हणजे याजकाचं वस्त्र, देवाची इच्छा विचारताना लागणारं. ते त्यानं अफ्रा या आपल्या गावात ठेवलं. सगळं इस्राएल तिथं जाऊन त्याच्या नादी लागलं आणि गिदोनाला व त्याच्या घराण्याला ते फास झालं, असं शास्त्र म्हणतं.

बघा, ज्यानं बापाची वेदी फोडली त्याच्याच घरी दुसरी उभी राहिली. पहिली फोडताना तो घाबरत होता. दुसरी उभारताना भीती कुठंच नाही, सगळे खुश. पहिली बआलाची होती म्हणून ओळखू आली. दुसरी विजयाच्या सोन्याची, देवाच्या सेवेतल्या वस्तूच्या आकाराची आणि आपल्याच गावातली. ती ओळखायची कशी? आणि देशाला चाळीस वर्षं शांतता मिळाली, असंही तिथंच लिहिलंय. म्हणजे वरून सगळं ठीक चाललेलं दिसत होतं. सत्तर मुलगे झाले. शिवाय शखेमातल्या उपपत्नीपासून एक झाला, त्याचं नाव ठेवलं अबीमलेख, म्हणजे 'माझा बाप राजा'. तोंडानं राजेपण नाकारलं, आणि पोराला हाक मारायला हे नाव!

शलमोनाचं मी लांबवत नाही. त्यानं बुद्धी मागितली, धन मागितलं नाही, म्हणून देवानं धनही दिलं. म्हातारपणी त्याच धनात आणि बायकांत तो हरवला. हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल.

आता तुमच्या ट्रॅक्टरकडे येतो. त्यासाठी हबक्कूकचा पहिला अध्याय काढा. तिथं खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांचं चित्र आहे: गळ टाकून, जाळं टाकून माणसांना माशांसारखं ओढतात, खुश होतात, आणि मग आपल्या जाळ्याला बळी अर्पण करतात, त्याच्यापुढं धूप जाळतात, कारण त्याच्यामुळं त्यांचं ताट भरलं. मासे पुजले नाहीत, जाळं पुजलं. मला वर्षानुवर्षं हे कळत नव्हतं. विश्वासणारा माणूस पैशाला सरळ हात जोडत नाही, तेवढं त्याला कळतं. ज्या रीतीनं पैसा आला त्या रीतीला तो हात जोडतो. एकवीस दिवसांचा उपास केला आणि काम झालं, की पुढं एकवीसच दिवस. विसाव्या दिवशी ताप आला तर जीव घाबरा. अमक्या पास्टरनं तेल लावलं आणि पोरीचं लग्न जमलं, की ती तेलाची बाटली देव्हाऱ्यात पूर्वी जिथं टाक होते बरोबर त्याच फळीवर जाऊन बसते. मी घराघरांतून पाहिलंय. फळी तीच, बाटली नवी.

कापसाचंच घ्या. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला. आमच्या मंडळीतला एक चांगला, प्रार्थनाशील कास्तकार. त्यानं तेव्हा कापूस घरात दाबून ठेवला होता, देवानं थांबायला सांगितलं असं त्याला वाटलं होतं. भाव चढला, विकला, पक्कं घर बांधलं. त्याची साक्ष ऐकून लोक रडले. पुढच्या हंगामात त्यानं पुन्हा कापूस ठेवला. आता थांबणं हीच त्याची श्रद्धा झाली होती. व्यापारी खेडा खरेदीला दारात येऊन भाव सांगून गेला, यानं कापूस दिला नाही. आम्ही सांगितलं, थोडा तरी विक. म्हणाला, "पास्टर, तुमचा इश्वास कमी पडते." उन्हाळा लागला तरी कापूस घरातच, घरच्यांच्या अंगाला खाज सुटलेली, लेकरं अंगणात निजतात. भाव उतरत उतरत सात हजारांच्या आसपास आला तेव्हा विकला. गावातल्या पुष्कळ लोकांचं त्या साली असंच झालं, ते भावाला शिव्या देऊन मोकळे झाले. याला तसं मोकळं होता येईना. त्यानं भावावर लावलेला विश्वास देवाच्या नावावर लावला होता, आणि भाव पडला तेव्हा त्याला वाटलं देवच पडला. सहा महिने तो उपासनेला आला नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लोक समजतात यशानं माणूस उर्मट होतो आणि तेवढंच वाईट. उर्मटपणाचं औषध सोपं असतं, एखादा दुष्काळ पुरतो. यशानं माणूस भित्रा होतो ते जास्त अवघड. जे मिळालं ते टिकवणारी रीत हातातून सुटू नये म्हणून तो तिला कवटाळून बसतो. तुमची आई जे म्हणते, ट्रॅक्टरले हात जोडतं, ते कदाचित हेच असेल. त्याच्यावर ओरखडा पडला तर तुम्हाला रात्री झोप लागते का? हप्त्याची तारीख जवळ आली की प्रार्थना कुणाला करता, देवाला की हप्ता चुकू नये या भीतीला?

सैतानानं ईयोब या सधन, देवभीरू माणसाबद्दल देवाला जो प्रश्न विचारला तो सैतानाचा असला तरी प्रश्न रास्त आहे: हा काय फुकट तुझं भय धरतो? कुंपण घातलंस, ढोरं वाढवलीस, आता ते काढून बघ. गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर ईयोबाला सुखाच्या दिवसांत देताच आलं नसतं. तो प्रामाणिक होता तरीही. तेव्हा त्याचं त्यालाही माहीत नसणार. म्हणून 'माझं मन शुद्ध आहे' असं आज तुम्ही मला सांगितलंत तर मी तुम्हाला खोटं ठरवणार नाही. फक्त ते कळायची वेळ अजून आलेली नाही, एवढंच म्हणेन.

एकदा रिद्धपूरकडच्या एका म्हाताऱ्याबरोबर एसटीत तीन तास बसलो होतो. महानुभाव पंथाचा. त्यांच्यात देवता वेगळ्या आणि परमेश्वर वेगळा मानतात. देवता आपापल्या ऐपतीप्रमाणं फळ देतात, मोक्ष मात्र एकट्या परमेश्वराकडून. मी म्हटलं, मग लोक देवतांकडेच जात असतील. तो हसला. "जातेच ना! फळ लवकर भेटते." त्याचं आणि माझं पुष्कळ गोष्टींत जुळलं नाही, पण या एका वाक्यावर मी उतरेपर्यंत गप्प होतो. आपल्या मंडळीतही आपण देवाच्या नावानं फळ लवकर देणारी देवता बसवलेली असते. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात तेच रडणं आहे. धान्य, द्राक्षारस, तेल मीच तिला दिलं हे तिला कळलं नाही, रुपं-सोनं मीच वाढवलं आणि ते तिनं बआलाला लावलं. बआल पावसापाण्याचा, पिकाचा देव होता हे लक्षात ठेवून वाचा, मग तो अध्याय आपल्या तालुक्यात लिहिल्यासारखा वाटतो.

मंडळीचाही यात दोष आहे, तो तुमच्या एकट्याच्या माथी मारणं बरं नाही. तुम्हाला पुढच्या सतरंजीवर कधी बसवलं? कर्ज होतं तेव्हा की ट्रॅक्टर आल्यावर? आमच्याकडे पीक आल्यावर उपकारस्तुतीचा सण होतो. लोक धान्य, भाजी, कोंबडं, कापसाचं बोचकं आणतात, शेवटी त्यांचा लिलाव होतो, पैसा मंडळीच्या कामाला. चांगली रीत आहे, मला आवडते. पण काही वर्षांपूर्वी मी माईकवर बोली बोलणाऱ्याचं नाव घ्यायला लागलो. एक कोंबडं साडेचार हजाराला गेलं. टाळ्या. त्याच साली एक मजूर बाई दोन पायल्या ज्वारी घेऊन आली होती, तिच्यावर कुणी बोलीच लावली नाही, शेवटी कुणीतरी शंभरात उचलली. ती पुढच्या सणाला आली नाही. विचारलं तर म्हणाली, "तिथं आमचं काय काम, बाप्पा?" तेव्हापासून नावं घेणं बंद केलं. चार-पाच मोठे बोलीवाले नाराज झाले, उत्पन्न कमी झालं. अजून कमीच आहे.

मानाची चव फार वाईट. शाल-श्रीफळ घेताना मान खाली घालता येते, पण शाल मात्र खांद्यावरच राहते. लुस्त्र गावात पौलाच्या शब्दानं एक जन्माचा पांगळा चालायला लागला, तेव्हा लोक बैल आणि हार घेऊन आले, बर्णबाला आणि पौलाला देव म्हणायला लागले. हे दोघं कपडे फाडून गर्दीत धावले, ओरडायला लागले की आम्हीही तुमच्यासारखी माणसंच. आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर गाडगेबाबा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा हा माणूस, ख्रिस्ती नव्हता, पण पाया पडायला आलेल्याला पाया पडू देत नसे. गावात येऊन आधी झाडू हातात घ्यायचा. लोक तुम्हाला देव करायला टपलेले असतात हे त्यांना आणि पौलाला कळलं होतं. मला त्या अकरा बोअरांच्या उन्हाळ्यात कळलं नाही.

माझ्या बोअरचं पुढं काय झालं ते राहिलंच. बाजूच्या वावरात कुणीतरी चारशे फूट बोअर मारलं आणि बाईचं पाणी गेलं. बाटल्यावाले यायचे बंद झाले. मी तिला भेटायला गेलो तेव्हा काय बोलू ते सुचेना. तीच म्हणाली, "पानी गेलं तं गेलं, पास्टर. देव थोडीच बोअरमंदी होता." ती पूर्वीसारखी विहिरीवर जायला लागली. दोन रविवार उपदेशात चित्त लागलं नाही ते माझं. आणि ज्या चार घरी पाणी लागलंच नव्हतं त्यांच्याकडे मी कितीतरी वर्षांनी गेलो. एका घरी माणूस म्हणाला, "मले वाटलं, माह्याच इश्वासात खोट हाय." कर्ज काढून बोअर मारलेलं, खड्डा कोरडा, आणि वर ही खोट त्यानं एवढी वर्षं एकट्यानं वाहिली. तिला मी सात मोजून हातभार लावला होता. मी माफी मागितली. त्यानं चहा केला. बाकी काही बोलणं झालं नाही.

यावरून देणंच वाईट, मागणंच वाईट, असं तुम्ही काढू नका. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या एका मिशन अनाथालयात आली, आईबाप गेलेले, पोटाचा नगारा झालेला. लोक आजही टोमणा मारतात, भाकरीसाठी बाटले म्हणून. आमच्या घरात त्याची लाज कुणी शिकवली नाही. भाकर मिळाली, ती देवाची होती, खाल्ली. पण आजी सांगायची, पणजी जेवताना पहिला घास हातात धरून थोडा वेळ गप्प बसायची. काय म्हणायची ते कुणाला ऐकू आलं नाही. पुढं तिच्या आयुष्यात भाकरी कमी पडल्याचे दिवस पुन्हा आले, तेव्हाही ती तशीच बसायची. येशूनं पाच हजारांना भाकरी दिल्या, लोक त्याला धरून राजा करायला निघाले, तेव्हा तो डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी शोधत आले तेव्हा म्हणाला, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून शोधता. भाकरी दिल्याचा पश्चात्ताप त्यानं केला नाही. राजा व्हायला तेवढा थांबला नाही.

आता करायचं काय. मी फार उपाय सांगत नाही, उपायाचंही जाळं होतं. एवढं करून बघा. येत्या पावसाळ्याआधी, स्वतःच्या वावरात जायच्या अगोदर, गावातल्या ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत अशा एकाचं वावर नांगरून द्या. डिझेल तुमचं. हे मंडळीत सांगायचं नाही, मलाही कळवायचं नाही. नांगरताना तुमच्या मनात भाड्याचा हिशेब चालला तर चालू द्या, तो हिशेब ऐकून घ्या, तुमच्याबद्दल तो पुष्कळ सांगेल. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, देत असाल तर द्या, पण दशमांश दिला म्हणून देवानं यंदा भाव दिलाच पाहिजे असा करारनामा मनात तयार होतोय का पाहा. झाला असेल तर एखाद्या साली नुकसान झाल्यावर दशमांश देऊन बघा. ज्या साली पीक बुडालं त्या साली आमच्या एका म्हाताऱ्यानं अडीचशे रुपये आणून दिले होते. मी म्हटलं, बाबा, यंदा काय आलं तुमच्या हाती? म्हणे, "देव तं यंदाही आला ना."

काचेवरची अक्षरं काढायची की ठेवायची? ठेवा. काढली तर उद्या तुम्ही 'मी काढली' याचीच साक्ष द्याल, माणसाचं मन असंच आहे. फक्त ज्या दिवशी ट्रॅक्टर बंद पडून रस्त्यात उभा राहील त्या दिवशी ती अक्षरं वाचा आणि पटतात का पाहा. घरी आईला एकदा विचारा, तिला तुम्ही ट्रॅक्टरपुढं कधी हात जोडलेले दिसलात, कुठल्या दिवशी. वाद घालू नका, नुसतं ऐका. तिच्या डोळ्यांपुढं नक्की काहीतरी आहे.

साक्षीचं. बोलावलंय तर जा. २०१७ चं साल सांगा, बोंडअळीचं, सावकाराचं. तेव्हा तुम्हाला घरात कुणी ज्वारी दिली, बियाण्याला पैसे कुणी दिले, त्या माणसांना सांगा, त्यात मंडळीबाहेरचं कुणी असेल तर त्याचं नाव आधी घ्या. बोअर लागलं ते सांगा, आणि बाजूच्या कुणाचं लागलं नाही तेही सांगा. प्रार्थना करूनही जे झालं नाही त्यातलं एक तरी सांगा. समोर बसलेल्यांत निम्म्या लोकांचं तेच झालेलं असतं आणि मेळाव्यात त्यांचं कुणी बोलत नाही. मग ट्रॅक्टर सांगा. आणि त्याचे हप्ते किती उरलेत तेही.